शिवणाऱ्या हातांना हिशेब कधी मिळणार?

मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर खडवली, टिटवाळा, वासिंद या स्टेशनांवर सकाळच्या गाडीला उभे राहिले की एक गोष्ट ध्यानात येते. डबा आणि पाण्याची बाटली घेऊन निघालेल्या आपल्या मुली, सुना आणि भगिनी यांतल्या कितीतरी जणी कपडे शिवण्याच्या कामाला निघालेल्या असतात. कोणी शहाडला उतरून उल्हासनगरच्या कॅम्पात जाते, कोणी कल्याण-भिवंडीकडे वळते. एके काळी आपल्या समाजाची माणसे रेल्वेत, मुंबईच्या गिरण्यांत, अंबरनाथच्या आयुध निर्माणीत, आंबिवली-मोहन्याच्या एन. आर. सी. रेयॉनमध्ये कामाला होती. गिरण्या गेल्या, एन. आर. सी. २००९ साली बंद पडली, सरकारी भरती आटली. मुलगी दहावी-बारावी झाली, पुढे शिकवायला पैसा नाही, घरी बसवून ठेवणेही परवडत नाही, मग शेजारीण म्हणते, "माझ्याबरोबर येऊ दे, हेल्परची जागा आहे." अशा रीतीने एक पिढीच्या पिढी या धंद्यात शिरत आहे.

कष्टाची भाकरी कमावण्यात कसलाही कमीपणा नाही. पण आपली मुलगी जिथे दिवसाचे दहा-बारा तास घालवते तिथे तिला पगार कशाच्या आधारावर मिळतो, तिच्या नावाने काही जमा होते की नाही, आग लागली तर बाहेर पडायला दार आहे की नाही, हे आपल्यापैकी किती आईबापांना ठाऊक आहे? हा प्रश्न विचारण्यासाठीच हा लेखप्रपंच.

गिरणीतला धागा आणि शिवाशिव

कपड्याच्या धंद्याशी आपले नाते नवीन नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत आपले आजे-पणजे राबले, पण कुठे राबले? कताई खात्यात, झाडलोटीत, ओझी वाहण्यात. विणकाम खात्यात पगार जास्त होता, म्हणून त्या खात्याचे दार अस्पृश्यांना बंद होते. कारण काय सांगितले जाई? धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याची थुंकी लागलेला धोटा आम्ही तोंडाला कसा लावणार, असे सवर्ण विणकर म्हणत. मालकाविरुद्ध लढताना कामगार सगळे एक, आणि धोट्यापाशी मात्र जात वेगळी! १९२८-२९ च्या संपांच्या काळात परमपूज्य बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. पुढे १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले, त्यामागे हा अनुभव होता. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला स्वतंत्र मजूर पक्षाने कामगारांचा संपाचा हक्क काढून घेऊ पाहणाऱ्या बिलाविरुद्ध मुंबईत संप घडवून आणला.

बाबासाहेबांना आपण घटनाकार म्हणून ओळखतो. ते कामगारांचे कायदेकारही होते, हे मात्र आपण विसरतो. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्यांनी बाळंतपणाच्या पगारी रजेच्या बिलाला पाठिंबा दिला. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. ४८ तासांचा आठवडा ठरवणारी कारखाने कायद्याची १९४६ ची दुरुस्ती त्यांच्याच कारकिर्दीतली. किमान वेतनाचे आणि कामगार विम्याचे बिल त्याच काळात तयार झाले आणि १९४८ साली त्यांचे कायदे झाले. तेव्हा आपली मुलगी आठ तासांच्या वर राबते आणि तिला जादा कामाचे पैसे मिळत नाहीत, तेव्हा बाबासाहेबांनी मिळवून दिलेली वस्तू कोणीतरी आपल्या घरातून उचलून नेत असतो. हे आपण ओळखले पाहिजे.

गिरणी गेली, गाळा आला

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप अधिकृतपणे कधी मिटलाच नाही. गिरण्या बसत गेल्या, विणकाम भिवंडीच्या यंत्रमागांवर गेले आणि शिलाई छोट्या छोट्या गाळ्यांत विखुरली. गिरणीत एका छपराखाली हजारो माणसे होती, म्हणून युनियन होती. गाळ्यात पंधरा-वीस माणसे असतात. बाजूच्या गाळ्यात तोच माल शिवला जातो, पण मालकाचे नाव वेगळे, ठेकेदार वेगळा. कामगार एकमेकांना ओळखतही नाहीत.

उल्हासनगर हे याचे जवळचे उदाहरण. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले. सर्वस्व गमावून आलेल्या त्या माणसांनी कष्टाने व्यापार उभा केला, त्यात जीन्सचा धंदा देशभर गाजला. आज या जीन्सची वाटणी कशी असते ते पाहा. कापडाचे थर लावून कटिंग मास्तर गठ्ठे पाडतो. शिलाईचे कारीगर, ज्यांत उत्तर प्रदेश, बिहार, बंगालकडचे तरुण पुष्कळ, ते पीसवर शिवतात. काज-बटण वेगळीकडे, वॉशिंग वेगळीकडे. आणि धागे कापणे, माल तपासणे, घडी घालणे, पिशवीत भरणे ही कामे बायकांकडे. ही कामे सोपी म्हणून त्यांना मजुरी कमी, असे सांगतात. पण दहा तास उभे राहून एकही धागा सुटू न देणे सोपे आहे का?

या धंद्याची दुसरी बाजू नदीने भोगली. जीन्स धुण्याच्या कारखान्यांचे निळे, रसायनयुक्त पाणी वालधुनीत जात होते. पर्यावरणवादी संस्था न्यायालयात गेल्या आणि २०१८ च्या सुमारास उल्हासनगरातले शेकडो वॉशिंग कारखाने बंद करावे लागले. नदी वाचलीच पाहिजे, कारण काठावरच्या झोपडपट्टीत आपलीच माणसे राहतात. पण कारखाने बंद होताना तिथल्या कामगारांना एक पैसा तरी भरपाई मिळाली का? हजेरीपटावर ज्यांचे नावच नव्हते त्यांना भरपाई कोण देणार?

ढाक्यापासून नॉमपेन्हपर्यंत

ही स्थिती केवळ आपल्याकडची नाही. अमेरिका-युरोपच्या दुकानांत विकले जाणारे कपडे बहुतेक आशिया खंडात शिवले जातात. चीन, बांगलादेश, व्हिएतनाम, भारत, कंबोडिया, पाकिस्तान, श्रीलंका. १ जानेवारी २००५ पासून कापड व्यापारातली जुनी कोटा पद्धत संपली आणि मोठे खरेदीदार जिथे स्वस्त तिथे माल शिवून घ्यायला मोकळे झाले. एका देशात कामगारांनी पगार वाढवून मागितला की खरेदीदार दुसऱ्या देशाकडे बोट दाखवतो. आपला ठेकेदार "परवडत नसेल तर दुसरी पोरगी आहे" म्हणतो ना, तीच भाषा तिथे देशादेशांत चालते.

बांगलादेशात सुमारे चाळीस लाख माणसे या धंद्यात आहेत, त्यात बहुसंख्य स्त्रिया. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक कामगार गाडले गेले. आदल्याच दिवशी इमारतीला तडे गेलेले सर्वांनी पाहिले होते. त्या इमारतीत खाली एक बँक होती. बँकेने आपल्या कर्मचाऱ्यांना घरी पाठवले, ते वाचले. वरच्या शिलाई कारखान्यांतल्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावले. येणार नाही त्याचा पगार कापू, अशी धमकी होती. एकच इमारत, एकच तडा. ज्यांच्या नोकरीला किंमत होती ते घरी गेले, आणि ज्यांना नाही म्हणण्याची सोय नव्हती ते ढिगाऱ्याखाली गेले.

त्याआधी नोव्हेंबर २०१२ मध्ये ढाक्याजवळच ताझरीन कारखान्याला आग लागून शंभरावर कामगार जळाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कराचीच्या अली एंटरप्रायझेस कारखान्यात अडीचशेहून अधिक माणसे मेली. खिडक्यांना गज होते आणि बाहेर पडण्याच्या वाटा बंद होत्या. फार लांब कशाला, आपल्या राजधानी दिल्लीत ८ डिसेंबर २०१९ रोजी अनाज मंडी भागात बॅगा वगैरे बनवणाऱ्या इमारतीला पहाटे आग लागली आणि आत झोपलेले ४३ जण प्राणास मुकले.

पगाराचेही तसेच. बांगलादेशात शिलाई कामगाराचे किमान वेतन २०१३ साली महिना ५,३०० टाका, २०१८ साली ८,००० टाका आणि २०२३ च्या डिसेंबरपासून १२,५०० टाका झाले. कामगारांची मागणी २३,००० ची होती. त्या आंदोलनात कामगारांचे बळी गेले. कंबोडियात जानेवारी २०१४ मध्ये नॉमपेन्ह शहरात पगारवाढ मागणाऱ्यांवर गोळीबार झाला आणि किमान चार जण ठार झाले. कोणत्याही देशात एक रुपयाही मालकाने मनाने वाढवून दिलेला नाही.

जात कारखान्यातही शिरते

तामिळनाडूच्या सूत गिरण्यांत 'सुमंगली' नावाची योजना पुष्कळ वर्षे गाजली. गरीब घरच्या, त्यात बहुतांशी दलित, मुलींना तीन वर्षांसाठी वसतिगृहात ठेवायचे, हातात थोडे पैसे द्यायचे आणि शेवटी लग्नासाठी एकगठ्ठा रक्कम देऊ असे सांगायचे. मध्येच आजारी पडून घरी गेली की रक्कम गेली. हुंड्याच्या नावाखाली मुलीचे तारुण्य गहाण ठेवण्याचा हा प्रकार. नाव मंगल, काम अमंगल!

जानेवारी २०२१ मध्ये त्याच राज्यातील दिंडीगल जिल्ह्यात, परदेशी कंपनीसाठी कपडे शिवणाऱ्या कारखान्यातील विशीतल्या एका दलित मुलीचा खून झाला. आरोप तिच्याच सुपरवायझरवर आला. तो तिला आधीपासून त्रास देत होता, असे तिच्या घरच्यांनी व सहकारी स्त्रियांनी सांगितले. पण त्या रडून गप्प बसल्या नाहीत. दलित स्त्रियांच्या पुढाकाराने चालणाऱ्या 'तामिळनाडू टेक्स्टाईल अँड कॉमन लेबर युनियन'ने लढा दिला आणि एप्रिल २०२२ मध्ये कारखानदार व परदेशी खरेदीदार कंपनीशी करार केला. त्यात स्त्रियांवरील अत्याचाराबरोबर जातीवरून होणाऱ्या छळालाही बंदी घातली. कारखान्यात लक्ष ठेवायला कामगार स्त्रियाच नेमल्या आणि कारखानदाराने करार मोडला तर खरेदीदाराने कारवाई करायची, असे बंधन घातले. धोट्याच्या शिवाशिवीपासून या करारापर्यंत जवळजवळ शंभर वर्षे गेली. वाट लांब आहे, पण ती आहे.

दुसरे उदाहरण बंगळुरूचे. २०१६ साली केंद्र सरकारने नियम काढला की प्रॉव्हिडंट फंडातील मालकाचा हिस्सा ५८ वर्षे वयापर्यंत काढता येणार नाही. शिलाई करणारी बाई चाळिशीच्या आतबाहेर डोळे आणि कंबर गेल्यामुळे काम सोडते. तिच्या आयुष्यातली एकमेव एकगठ्ठा रक्कम म्हणजे हा फंड. १८ आणि १९ एप्रिलला बंगळुरूच्या हजारो शिलाई कामगार स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. काही ठिकाणी जाळपोळ झाली, लाठ्या चालल्या, ते दुःखदच. पण १९ तारखेला सरकारने नियम मागे घेतला. दोन दिवसांत दिल्ली हलली, कारण आपल्या नावावर काय जमा आहे हे त्या बायकांना ठाऊक होते.

हिशेब असा तपासावा

मी कारकुनी करणारा माणूस. संध्याकाळी वस्तीत बसून लोकांचे फंडाचे, विम्याचे अर्ज भरून देतो. अनुभव असा की पगार किती विचारले तर सगळ्या सांगतात, कपात कसली विचारले की गप्प होतात. आमच्याकडच्या एका ताईने नऊ वर्षे एका ठिकाणी काम केले. फंडाचा नंबर पाहिला तर पैसे फक्त चौदा महिन्यांचे जमा. बाकीच्या वर्षांत तिचे नाव कागदावर नव्हतेच. म्हणून हा हिशेब साधेपणाने मांडतो. सोयीसाठी महिना १३,००० रुपये आणि २६ दिवस काम धरू. हा सरकारी दर नव्हे, केवळ गणिताचा आकडा आहे. चालू किमान वेतन कामगार आयुक्त कार्यालयातून विचारून घ्यावे.

जादा काम: दिवसाचे ५०० रुपये, म्हणजे तासाचे ६२ रुपये ५० पैसे. जादा तासाला कायद्याने दुप्पट, म्हणजे १२५ रुपये. रोज दोन तास जादा थांबवून एकेरी दर दिला, तर महिन्याच्या ५२ तासांत ३,२५० रुपये बुडाले. बरोबर पाव पगार!

प्रॉव्हिडंट फंड: वीस किंवा अधिक कामगार असतील तिथे लागू. कामगाराचे १२ टक्के, म्हणजे १,५६० रुपये आणि मालकाचेही तेवढेच, त्यातला मोठा भाग पेन्शनकडे जातो. दोन्ही मिळून वर्षाला ३७,४४० रुपये. दहा वर्षांत व्याज न धरता पावणेचार लाखांच्या घरात. "फंड कापू नका, हातात जास्त द्या" असे म्हणणाऱ्या भगिनींनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. आपले पंधराशे वाचवायला जाऊन मालकाचे पंधराशे आपण सोडून देतो. दहा वर्षे नोकरी झाली तर पेन्शनचा हक्कही मिळतो. आपला यू. ए. एन. नंबर मोबाईलवर टाकून दर महिन्याला पैसे जमा होतात का ते पाहावे.

कामगार विमा, म्हणजे ई. एस. आय.: दहा कामगारांपासून, २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना लागू. कामगाराकडून पाऊण टक्का, म्हणजे या हिशेबात शंभर रुपयांच्या आत. मालकाकडून सव्वातीन टक्के. त्यावर कुटुंबाचे औषधपाणी, आजारपणात पगाराचा भाग आणि ठरावीक दिवस हप्ता भरलेला असल्यास बाळंतपणात २६ आठवड्यांचा पगार मिळतो. बाळंतपण आले की काम सोडायचे, ही आपल्याकडची रीत कायद्यात कुठेही लिहिलेली नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने जुन्या २९ कायद्यांच्या जागी चार श्रम संहिता लागू केल्या आहेत. संघटना आणि संपाच्या बाबतीत त्या कामगाराचे हात बांधतात, अशी कामगार संघटनांची तक्रार आहे आणि ती गंभीर आहे. वीज वापरणाऱ्या जागेला कारखाना म्हणण्यासाठी दहाऐवजी वीस कामगारांची अट आली, त्यामुळे लहान गाळे कारखान्याच्या व्याख्येतून निसटतात. मात्र नेमणूकपत्र देणे त्याच संहितांनी बंधनकारक केले आहे. तेव्हा पहिली मागणी नेमणूकपत्राची करावी. कागद हातात आला की पुढचे सगळे दावे त्यावर उभे राहतात.

त्रास देणाऱ्या पुरुषाबाबतही सांगितले पाहिजे. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक ठिकाणी तक्रार समिती हवी. त्याहून लहान जागेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. मुलगी काम सोडते म्हणाली, तर आधी "का?" हे आईने प्रेमाने विचारावे. तिलाच दोष देऊ नये.

घरी बसून काम करणाऱ्या भगिनी

काही माता-भगिनी घरीच काम आणतात. धागे कापणे, टिकल्या-मणी लावणे, बटण टाकणे. शेकड्यावर पैसे. वीज आपली, जागा आपली, शाळेतून आलेली मुलेही हात लावतात, त्यांचा हिशेब नाही. माल खराब निघाला की पैसे मात्र कापले जातात. घरकामगारांच्या हक्कासाठी आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९९६ साली स्वतंत्र करार केला, पण भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. तरी दोन गोष्टी आजच करता येतील. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम यादीत नाव नोंदवावे. आणि एका गल्लीतल्या बायकांनी मिळून एकच दर ठरवावा. एक घर दर पाडते, तेव्हा दहा घरांची चूल मंदावते.

तथागतांनी मालकाला काय सांगितले?

राजगृहात सिगाल नावाच्या गृहस्थाला भगवान बुद्धांनी केलेला उपदेश सिगालोवाद सुत्तात आहे. त्यात मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. झेपेल एवढेच काम द्यावे, पोटभर अन्न व वेतन द्यावे, आजारपणात सेवा करावी, गोडधोड वाटून खावे आणि वेळेवर सुट्टी द्यावी. कामगारालाही सांगितले की काम चोख करावे, न दिलेले घेऊ नये आणि धन्याचे नाव राखावे. अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितलेल्या या पाच गोष्टी आजच्या किती गाळ्यांत पाळल्या जातात? आणि आपल्यापैकी जो कोणी चार मशीन टाकून स्वतः छोटा मालक झाला असेल, त्यानेही हे सुत्त वाचावे. जयभीम म्हणणाऱ्या मालकाने फंड बुडवला तर ते पाप दुप्पट. सम्यक आजीविका मालकालाही लागू आहे.

बंधू-भगिनींनो, दर रविवारी विहारात वंदना होते, त्यानंतर अर्धा तास याला द्या. शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने वही घेऊन बसावे. कोणत्या ठिकाणी किती माणसे, किती तास, किती पगार, फंड-विमा आहे की नाही, जिन्यात माल रचून वाट अडवली आहे का, एवढेच लिहावे. तीन महिन्यांत खडवली-टिटवाळ्यापासून उल्हासनगरपर्यंतच्या कामाचा आपल्या हाती पुरावा तयार होईल. एकटी बाई कामगार कार्यालयात गेली तर तिला उद्या या म्हणतात. वही घेऊन पन्नास जणी गेल्या, तर खुर्ची द्यावी लागते. शिका, संघटित व्हा आणि संघर्ष करा, हा बाबासाहेबांचा संदेश आपण जयंतीच्या बॅनरवर दरवर्षी छापतो. येत्या १४ एप्रिलपूर्वी प्रत्येक घरातील कामकरी मुलीचा फंडाचा नंबर तपासून झालेला असावा, एवढे तरी आपण ठरवू या.

जय भीम!